आधी थेंब

"मॅडम, पयले सुई मारा ना तिले."

दादाचं हे तिसऱ्यांदा. गाय खोड्यात उभी आहे. मान खाली, कान लोंबलेले, नाकपुडी कोरडी ठणठणीत. एरवी हिच्या नाकपुडीवर दंवासारखे थेंब असतात, आज हात फिरवला तर जुन्या चपलेसारखं लागतं. रात्रभर पावसाची रिपरिप होती, आता चिकट ऊन पडलंय आणि गुरांच्या दवाखान्याच्या आवारात चिखल, शेण आणि फिनेल यांचा मिळून एक वास उठलाय. बाहेर छोटा हत्ती उभा आहे, त्याचं भाडं दादानं आणि मी अर्धं-अर्धं दिलंय. माझं या गाईशी नातं तेवढंच, आणि रोजच्या एक लिटर दुधाचं.

मालेगाव म्हटलं की परमुलखातल्या लोकांना नाशिककडचं, यंत्रमागांचं मालेगाव आठवतं. हे आमचं वाशिम जिल्ह्यातलं, जुनी माणसं ज्याला मालेगाव जहांगीर म्हणतात ते. अकोल्याहून हिंगोलीकडे जाणारा रस्ता आणि नागपूरहून मुंबईकडे जाणारा जुना रस्ता इथे एकमेकांना भेटतात. पोळा तीन दिवसांवर आलाय. बाजारात मोरक्या, झुली, बेगडं लटकलीत, आणि दवाखान्यात बैल कमी, गाई जास्त. या दिवसांत बैलाला कोणी आजारी पडू देत नाही.

"सुई मारायचीच आहे काका," मॅडम म्हणतात. वय तिशीच्या आत, पायात गमबूट, केसांना रबर. "पण पहिली सुई काढायची. घालायची ती नंतर."

"रगत काढता का तिचं? मॅडम, आधीच जीव नाई राह्यला तिच्यात."

मॅडम उत्तर देत नाहीत. कपडे मोजायच्या टेपनं त्या गाईच्या छातीचा घेर घेतात, मग खांद्यापासून पुठ्ठ्याच्या हाडापर्यंतची लांबी. सहासष्ट इंच, चौपन्न इंच. मोबाइलवर गुणाकार होतो. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले तीनशे, ते झाले पौंड. त्याचे किलो 356. "काका, तुमच्या फवारणीच्या पंपात किती मावतं?"

"सोळा लिटर."

"हिच्या अंगात वीस लिटरच्या आसपास रक्त आहे. मी घेणार दोन चमचे."

दादा पंपाचा हिशेब मनात करतो आहे हे त्याच्या तोंडावर दिसतं. मग तो मोरकीला हात घालतो.

थर्मामीटर आधीच लागून गेलाय, 105.8. खांद्याच्या पुढची गाठ मॅडमनी मला हात लावून दाखवली आहे. कातडीखाली लिंबाएवढं काहीतरी, दाबलं की सरकणारं. खालची पापणी ओढली तर आतला भाग गुलाबी हवा तो पांढुरका. आणि कानाच्या आत, कासेच्या खाचेत, शेपटीच्या मुळाशी गोचीड. नुसते चिकटलेले नाहीत, टम्म फुगलेले, एरंडीच्या बियांसारखे. दूध कालपर्यंत आठ लिटर, आज सकाळी दोन भरलं नाही. गाय जर्सी संकरित. शेजारच्या गावठी गाईवर यापेक्षा जास्त गोचीड असतील आणि ती उकिरड्यावर निवांत रवंथ करत असेल. पिढ्यान्‌पिढ्या या गोचिडांबरोबर काढलेल्या गुरांचं अंग सोसायला शिकलंय. आठ लिटरवालीचं शिकलेलं नाही.

एवढं दिसल्यावर रोगाचा अंदाज बांधायला रक्त कशाला, असं मलाही वाटतं. मॅडमनाही अंदाज आहेच. पण गोचिडातून येणारे ताप एक नाहीत. थायलेरिया आहे, बबेशिया आहे, ॲनाप्लाझ्मा आहे, आणि तिन्हींची औषधं वेगळी. बबेशियात लघवी बहुधा लाल होते, पण पहिल्या दिवशी होईलच असं नाही. अंदाजावर औषध देऊन चुकलं तर दोन दिवस जातात, आणि या तापात जनावराकडे दोन दिवस असतातच असं नाही.

ड्रेसर पुढे येतो. कागदोपत्री तो व्रणोपचारक, पण तो शब्द मी इथल्या कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही. अंगठा आणि एक बोट गाईच्या नाकपुड्यांत घालून तो मधली पडदी धरतो, मान वर उचलून डावीकडे वळवतो. जोर दिसत नाही, पण गाय हलत नाही. दादा तिच्या पाठीवर थोपटतो, तोंडानं "हो, हो, हो" असा आवाज करत राहतो. मॅडम त्याला थांबवत नाहीत. घाबरलेल्या जनावराची प्लीहा साठवलेलं रक्त एकदम बाहेर ढकलते, पांढऱ्या पेशींचे आकडेही बदलतात. घोड्याच्या बाबतीत तर फारच. म्हणून दादाचं ते "हो, हो" हाही तपासणीचाच भाग समजायचा.

मानेला दोन्ही अंगांनी एक लांब खोलगट पन्हाळ असते. मॅडम उजवीकडच्या पन्हाळीवर स्पिरिटचा बोळा दोनदा फिरवतात. केस ओले होऊन आडवे पडतात. मग डाव्या हाताचा अंगठा पन्हाळीच्या खालच्या टोकाला रुतवतात आणि थांबतात. दोन-तीन सेकंद काहीच होत नाही. नंतर अंगठ्याच्या वर काहीतरी भरू लागतं. पाण्याचा पाइप पायाखाली दाबल्यावर मागे फुगावा तशी शीर वर येते, बोटभर जाड. उजव्या हाताच्या बोटानं त्या तिच्यावर टिचकी मारतात, शीर वरपर्यंत थरथरते. अठरा नंबरची सुई तिरकी टेकते, कातडीत शिरताना किंचित 'टच्' होतं. गाईनं कातडी झटकली, बस, तेवढंच. सुईच्या मागच्या टोकातून रक्त ठिबकायला लागतं. गडद, जवळजवळ काळसर. शिरेतलं रक्त असंच असतं. पण यात आणखी एक गोष्ट आहे, ती मॅडम बोलून दाखवतात: "पातळ आहे."

सिरिंज लावलेलीच नाही. एवढी मोठी शीर असेल तर रक्त आपसूक येतं. सिरिंजचा दट्ट्या घाईनं ओढला, किंवा भरलेल्या सिरिंजमधून बारीक सुईवाटे जोरानं नळीत मारलं, की लाल पेशी फुटतात, आणि मग वरचं पाणी लालभडक दिसतं. प्रयोगशाळेतून चिठ्ठी येते: नमुना खराब. ड्रेसर लाल टोपणाची नळी सुईखाली धरतो. ती भरली की जांभळ्या टोपणाची. क्रम ठरलेला आहे. जांभळीत रक्त गोठू न देणारं ईडीटीए असतं, त्याचा अंश लालीत गेला तर तिथलं कॅल्शियम खोटंच कमी दिसणार. जांभळी खुणेपर्यंत भरायची. थोडंसंच रक्त घातलं तर औषध जास्त होऊन पेशी आकसतात.

"हलवा," मॅडम म्हणतात आणि जांभळी नळी माझ्या हातात येते. मी ती खोकल्याच्या बाटलीसारखी खळखळवायला लागतो.

"अहो, ताक नाही करायचं!"

ड्रेसर हसतो. मग दाखवतो: नळी उलटी, सुलटी, उलटी, सुलटी, हळू. आठ-दहा वेळा. लाल नळीला मात्र अजिबात हात लावायचा नाही. ती लाकडी स्टँडमध्ये तिरकी करून ठेवतात, खिडकीपासून लांब. तिच्यातलं रक्त गोठू द्यायचं असतं.

सुई निघते, बोळा दाबला जातो. दादा विचारतो, "आता मारता ना?"

"आता थेंब."

हा थेंब वेगळा. कानाच्या कडेची केसांसारखी बारीक शीर मॅडम टोचतात आणि वर आलेला पहिला थेंब पुसून टाकतात. दुसरा काचपट्टीच्या एका टोकाला, ज्वारीच्या दाण्याएवढा. मोठ्या शिरेतलं रक्त मोजमापाला चांगलं, पण हे परजीवी शोधायला कानाच्या बारीक नळ्यांतलं रक्त बरं. दुसरी काचपट्टी त्या थेंबापुढे तिरकी टेकवून मागे ओढायची. थेंबाला शिवली की रक्त तिच्या कडेनं दोन्ही बाजूंना पळतं. मग एकाच हालचालीत पुढे. थांबायचं नाही, दाबायचं नाही. काचेवर राहतं ते जिभेच्या आकाराचं फिक्कट लाल पटल, टोकाशी इतकं विरळ की इंद्रधनुष्यासारखं चमकतं. मी घड्याळ लावलं असतं तर सेकंदही भरला नसता. पहिलं बिघडतं, मध्ये पट्टे पडतात. दुसरं जमतं. मॅडम ते हवेत हलवून वाळवतात, मिथेनॉलमध्ये बुडवतात, आणि मग गिम्साच्या निळ्या-जांभळ्या रंगात ठेवून मोबाइलवर अर्ध्या तासाचा गजर लावतात.

अर्धा तास. दादाला तो सोसवत नाही. तो गाईजवळ जातो, परत येतो, माझ्या कानाशी म्हणतो, "बापू, गावातल्या मानसानं आतालोक चार सुया मारल्या असत्या."

मारल्या असत्या. मला हे चांगलंच माहीत आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या घरच्या गाईला असाच ताप आला. गावात मोटारसायकलवर फिरणाऱ्या एकानं तीन दिवस इंजेक्शनं दिली. एक तापाचं, एक कसलं तरी पिवळं. ताप उतरायचा, संध्याकाळी चढायचा. आम्ही खूश, कारण काहीतरी होत होतं. चौथ्या दिवशी गाय उठली नाही. तेव्हा कोणीतरी म्हणालं रक्त तपासा. पण तीन दिवसांच्या औषधांनंतर रक्तातलं चित्र पुसट झालेलं असतं. आणि त्या दिवशी रक्त घेऊन कुठे जायचं हेही ठाऊक नव्हतं. ती कशानं गेली ते आम्हाला आजही माहीत नाही. विहिरीचा हप्ता फिटला, त्या गाईचं कोडं नाही फिटलं.

मॅडमचा फोन वाजतो. इकडचं बोलणं तेवढं ऐकू येतं.

"कधी मेला?... रात्री ठीक होता?... नाकातून रक्त? काळं? गोठलंय का?... नाही गोठलं. ऐका. त्याला हात लावू नका. कापू नका. कातडं काढणाऱ्याला बोलावलं असेल तर परत पाठवा. कुत्री जवळ येऊ देऊ नका. मी निघते तासाभरात."

फोन ठेवून त्या पिशवीत मोजक्याच वस्तू टाकतात: हातमोजे, काचपट्ट्या, एक ब्लेड, स्पिरिट. फाशीचा संशय असला की एवढंच. फाशी म्हणजे अँथ्रॅक्स. तिथे मानेची शीर नाही, नळ्या नाहीत, शवविच्छेदन तर नाहीच. शव उघडलं की हवा लागून त्या जिवाणूंचे बीजाणू होतात आणि त्या मातीत वर्षानुवर्षे टिकतात. कानाच्या शिरेतला एक थेंब काचेवर, जखमेवर जंतुनाशकाचा बोळा, संपलं. रक्त तपासायचं शिकणं म्हणजे कधी जास्त रक्त काढायचं नाही हेही शिकणं, असं त्या माझ्याकडे न बघता म्हणतात.

बाकावर आणखी दोघं आहेत. एक बाई शेळी घेऊन आलीय, तिच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबतेय. मॅडम शेळीची पापणी बघतात, कागदासारखी पांढरी, आणि लेंडी तपासायला घेतात. जंताचं ते प्रकरण, लवकर उरकतं. दुसरा किन्हीराजाकडचा शेतकरी. गाय आणलेली नाही, प्लास्टिकच्या पिशवीत काहीतरी आणलंय. गाईनं आठव्या महिन्यात गाभ टाकला, वार पडली ती घेऊन आलाय. उघड्या हातानं.

मॅडमचा आवाज पहिल्यांदा चढतो. "हात! आधी साबणानं हात धुवा. कोपरापर्यंत."

तो गोंधळून नळाकडे जातो. आठव्या महिन्यातला गर्भपात म्हटल्यावर ब्रुसेलाचा संशय येतोच, आणि तो जंतू माणसाला सोडत नाही. महिनोन्‌महिने येऊन-जाऊन ताप, सांध्यांचं दुखणं. माणूस मलेरियाची आणि टायफॉइडची औषधं खात बसतो. मॅडम त्याला विचारतात, घरात कच्चं दूध कोण पितं? बाईला, पोरांना ताप येतो का? मग गाईचं रक्त घ्यायला दुपारनंतर येते म्हणतात. लाल टोपणाची एक नळी पुरते. तिच्यातल्या पिवळ्या पाण्याचा थेंब आणि रोझ बेंगॉलचा गुलाबी थेंब काचेवर कालवायचा. चार मिनिटांत रव्यासारखे कण धरले तर संशय पक्का, मग पुढची तपासणी. कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात एकदाच द्यायची लस आहे, केंद्राच्या 2019 पासूनच्या कार्यक्रमात ती फुकट मिळते. "आली होती टोचायला मानसं," तो हात पुसत म्हणतो. "म्या नाई टोचू देल्ली. कालवड लहान होती ना."

दादा हे सगळं ऐकतो आहे. त्यानं मघापासून सुईचं नाव काढलेलं नाही.

गजर होतो. पट्टी धुऊन, वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली जाते. सूक्ष्मदर्शक जुना आहे, खाली आरशाचा. वीज गेलेली आहे, पण हरकत नाही. टेबल खिडकीशी ओढलेलं, आणि आरशानं बाहेरचं ऊन पकडलेलं. मॅडम तेलाचा थेंब टाकतात, शंभरचं भिंग टेकवतात, एक डोळा लावतात. पटलाच्या विरळ टोकाकडे जातात, तिथे पेशी एकेकट्या असतात. नागमोडी फिरतात. बराच वेळ काही बोलत नाहीत. मी फक्त त्यांचा हात बघतो, बारीक चक्र फिरवणारा.

"या. बघा."

मला आधी माझ्याच पापण्या दिसतात. मग एकदम गुलाबी गोल, असंख्य, पातेल्यात साबुदाणा भिजत घातल्यासारखे. मॅडम म्हणतात, एका गोलाच्या आत बघा. मी एकाच गोलावर डोळा रोवतो. आत एक अंगठी आहे. इतकी बारीक की ती आहे की माझ्या डोळ्याचा दोष ते कळत नाही. निळसर कडा, एका बाजूला लालसर ठिपका, अंगठीच्या खड्यासारखा. बाजूच्या गोलात स्वल्पविरामासारखं एक. पुढच्यात दोन. मग ते सगळीकडेच दिसायला लागतात. बबेशिया असता तर पेरूच्या फोडींसारखी टोकदार जोडी दिसली असती. ॲनाप्लाझ्मा असता तर पेशीच्या काठावर शाईचा एकच बिंदू.

"थायलेरिया," मॅडम म्हणतात. दादाला म्हणतात, "काका, तुम्ही बघा."

"मले काय समजते मॅडम."

"बघा तर."

दादा टोपी काढतो, टेबलावर ठेवत नाही, काखेत धरतो. वाकतो. खिडकीतल्या उन्हाचा एक तुकडा आरशातून उडून त्याच्या गालावर पडलाय. त्याला काही दिसतंय की नाही कोण जाणे. तो बराच वेळ वाकलेला राहतो.

"हे तिच्या रगतात हाय?"

"हो."

"गोचिडानं?"

"हो."

तो उभा राहतो आणि टोपी घालतो. मग म्हणतो, "मारा आता."

आता सुई. बुपार्वाक्वोन, वीस किलोला एक मिलि, म्हणजे अठरा. मघाचा टेपचा हिशेब इथे कामाला येतो. वजन नजरेनं ठरवलं असतं तर औषध कमी पडलं असतं किंवा वाया गेलं असतं, आणि हे औषध स्वस्त नाही. एका जागी दहाच्या वर टोचायचं नाही, म्हणून मानेच्या दोन्ही बाजूंना नऊ-नऊ, खोल. गाय या वेळी मात्र पाय आपटते. गोचिडांसाठी वेगळं औषध, गोठ्याच्या भिंतींच्या फटीसुद्धा फवारायच्या, हे मॅडम दोनदा सांगतात. फटींचं ऐकून दादाची मान हलते, पण तेवढीच. फटी बुजवायच्या तर गोठाच नवा बांधावा लागेल, हे त्याला आणि मला माहीत आहे.

लाल नळीतलं रक्त आता घट्ट झालंय. गाठ काचेपासून सुटून आकसली आहे आणि तिच्यावर पातळ पिवळं पाणी उभं राहिलंय, तुरीच्या डाळीच्या वरच्या निवळीसारखं. मॅडम ते ड्रॉपरनं दुसऱ्या नळीत अलगद घेतात. गाठ तिथेच राहते. यकृत किती सोसलंय ते या पाण्यातून कळेल. जांभळ्या नळीतून हिमोग्लोबिन आणि पेशींचा आकडा. गाईत हिमोग्लोबिन आठच्या वर हवं. ते फारच खाली गेलेलं असेल तर औषध लागू पडूनही गाय हातची जाऊ शकते. मग दुसऱ्या गाईचं रक्त चढवायचं का, हा प्रश्न येतो. ही तपासणी इथे होत नाही. नमुने अकोल्याला जातील, पशुवैद्यकांच्या पदव्युत्तर संस्थेत. मेडशीवरून, पातूरचा घाट उतरून.

"कोणी जाणारं आहे?"

दादा माझ्याकडे बघतो. म्हणजे मी आहे.

थर्माकोलचा डबा येतो. तळाला बर्फाच्या पिशव्या, त्यावर वर्तमानपत्राची जाड घडी, मग नळ्या उभ्या. बर्फ नळीला लागता कामा नये. रक्त गोठलं की पेशी फुटतात आणि सगळी मेहनत लाल पाणी होते. गाडीच्या मागे ठेवायचा नाही, मांडीवर धरायचा. "एसटीत खिडकीशी बसू नका, ऊन लागेल," मॅडम म्हणतात, आणि स्वतः फाशीच्या पिशवीकडे वळतात. बाहेर त्यांची मोटारसायकल चालू होते.

गाय छोट्या हत्तीत चढतेय. ड्रेसर मागून ढकलतोय, दादा पुढून ओढतोय. इतक्यात मोटारसायकल फाटकाशीच थांबते.

"नंबर! चिठ्ठीवर नंबर घातला का?"

घातलेला नाही. नळ्यांवर नुसतं 'गाय' असं लिहिलंय. अकोल्याला आज अशा किती गाई असतील. मी डबा उघडतो, ड्रेसर पेन देतो, दादा गाडीत चढून गाईचा डावा कान धरतो. पिवळा बिल्ला, बारा आकडे. दादा एकेक वाचतो, मी नळीला चिकटवलेल्या पट्टीवर लिहितो. ओल्या हातानं शाई पसरते, पुन्हा लिहितो. शेवटच्या आकड्यावर शेण वाळलंय.

"एक हाय की सात?"

दादा दुपट्ट्याचं टोक थुंकीनं ओलं करून घासतो. गाय कान झटकते. तो पुन्हा धरतो, जवळ तोंड नेतो.

"सात. सात हाय. लिव्ह."